बादलीतला पूर

डिसेंबरात गंगेला घोटाभर पाणी,
आणि आम्हाला पूर तपासायचा होता.

तौसिफ कोकणीने कुठूनशी निळी बादली पैदा केली,
रामकुंडाखालच्या पायरीवर ठेवली,
दोरीने सेन्सर आत सोडला.
मी तांब्या तांब्या पाणी ओतत गेले.
दुसऱ्या तांब्याला मोबाइल म्हणाला, सावध.
पाचव्याला, सामान हलवा.
सातव्याला अख्खा सराफ बाजार नकाशावर लालभडक,
आणि तिकडे, फोन करून विचारलं तर,
तौसिफचा मामेभाऊ तराजू पुसत होता.

पाट्यांमागून फुलवाल्या पार्वताबाई म्हणाल्या,
"बादलीला काय कळायचा पूर?
त्याला विचारा." आणि हनुवटीनेच
दुतोंड्या मारुती दाखवला.
गुडघा, कंबर, छाती, गळा:
गावाने पिढ्यानपिढ्या वाचलेली पट्टी.
मी वहीत नोंद केली: संदर्भ उपकरण, नग एक.
बॅटरी लागत नाही. रेंज: सगळं नाशिक.

भांडी बाजारात वेगळंच.
बोळ इतका अरुंद की आकाश म्हणजे एक नाडी,
त्यातून जेमतेम चार उपग्रह डोकावतात,
त्यांचा सिग्नल आधी पितळी घागरींवर आपटतो, मग माझ्यावर.
मी उभी घंगाळांच्या दुकानापुढे,
माझा ठिपका मागच्या बोळात, कुणाच्या तरी न्हाणीघरात.
बारा वेळा चालले तोच बोळ, पाच फोन पिशवीत,
सगळे स्वस्तातले; पुरात सापडणाऱ्याच्या खिशात
कसला फोन असेल, ते आम्ही ठरवायचं नसतं.
दुकानदार शेवटी म्हणाला, ताई, घ्यायचं काय ते घ्या.
एक पळी घेतली.

होळकर पुलापासून खाली सात डबे, खांबांवर.
पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला,
असं करत पाणी ऑफिसात पोचतं.
चौथ्याची बॅटरी मी मुद्दाम काढली.
तिसरा थोडा वेळ त्यालाच हाका मारत राहिला,
मग पाचव्याचा पत्ता शोधला.
अकरा सेकंद.
बाबा गेल्यावर वीजबिल कुणी भरायचं
हे ठरायला आमच्या घरात दोन महिने लागले होते.

एक चाचणी उरली होती: बुडणाऱ्याची.
ती खुर्चीत बसूनच करतात, सातपूरला.
फोनला खोटं सांगायचं की तू नदीच्या मधोमध आहेस.
फोन भोळा, ऐकतो.
त्या संध्याकाळी एक फोन चार्ज नव्हता म्हणून माझाच वापरला,
निकाल हिरवा आला, आम्ही पाववडा खायला खाली उतरलो,
आणि खोटं तसंच चालू राहिलं.

आईचा फोन पावणेदहाला.
"मी पुलावर आहे. तू दिसत नाहीस."
सिडकोतून रिक्षा करून आली होती,
पायात माझ्या चपला, हातात स्वयंपाकघरातली टॉर्च.
तासभर माझा निळा ठिपका पाण्यात,
हलत नाही, आणि नकाशाला कुठे ठाऊक
की डिसेंबरात तिथे बेडूकसुद्धा बुडत नाही.
आईला ठाऊक होतं.
तरी आली.

स्कूटर रेटत पोचले तर चौथ्या डब्याशी उभी,
बॅटरी दुपारीच परत घातली होती त्याची.
रागावली नाही. "हेच का तुझं ते?" म्हणाली,
आणि गार पत्र्यावर तळवा ठेवून पाहिला,
ताप बघतात तसा.

सकाळी आकडे चाळताना तौसिफ थबकला:
डबा चार, रात्री दहा वाजून सहा मिनिटं,
तापमान एकाएकी अडीच अंश वर, मग खाली.
पाणी जागच्या जागी.
"सदोष म्हणायचा का?"
मी म्हटलं, नको. बरोबर मोजलंय.